‘अजून चारच?’ : लेबर रूममधली भाषा आणि बाळंतपण

लेबर रूमचं दार किलकिलं होतं आणि बाहेर बाकावर बसलेलं कोणीतरी उठून विचारतं, "किती झालं?" आतून सिस्टरचं उत्तर येतं, "अजून चारच." हे चार म्हणजे चार सेंटीमीटर. गर्भाशयाचं तोंड, घरच्या भाषेत पिशवीचं तोंड, किती उघडलंय त्याचं बोटांनी तपासून घेतलेलं माप. दहा झालं की तोंड पूर्ण उघडलं. चार हा आकडा खरा असतो. ‘अजून’ आणि शेवटचा ‘च’ मात्र तपासणाऱ्या बोटांना लागलेले नसतात, ते बोलणाऱ्याने वरून घातलेले असतात. आणि टेबलावरच्या बाईला आकड्याआधी तेच ऐकू येतात. एवढ्या कळा काढून चारच, म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय.

त्याच तपासणीनंतर असंही सांगता येतं: "चार झालं. तोंड चांगलं पातळ पडलंय, बाळाचं डोकंही खाली सरकलंय." यात लाडीगोडी काही नाही. उलट माहिती जास्त आहे, कारण बाळंतपण पुढे सरकतंय का, हे एकट्या सेंटीमीटरवर ठरत नाही. तोंड पातळ पडणं, बाळाचं डोकं खाली येणं, डोकं योग्य बाजूला वळणं, कळांचा जोर आणि त्यांमधलं अंतर, हे सगळं मिळून ते ठरतं.

बाळंतपणातल्या भाषेचा विषय काढला की बऱ्याच डॉक्टरांना तो संक्रांतीचा वाटतो, तिळगूळ घ्या गोड बोला. माझं म्हणणं तसं नाही. शब्द नेमका असावा, खरा असावा आणि पुढे काय करायचं त्यात त्या बाईला बोलायला जागा ठेवणारा असावा. गोड असला तर चांगलंच, पण ती अट नाही.

घड्याळाची भाषा

त्या ‘च’मागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९५५ साली न्यूयॉर्कमधल्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी पहिलटकरणी असलेल्या ५०० बायकांच्या बाळंतपणांवरून एक आलेख मांडला. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर सेंटीमीटर. त्यातूनच पुढे ‘तासाला एक सेंटीमीटर’ हा हिशेब जगभरच्या लेबर रूममध्ये रुजला. त्या ५०० जणींतल्या बहुतेकींना त्या काळच्या पद्धतीनुसार गुंगीची औषधं दिलेली होती, ही गोष्ट मागे पडली आणि वक्ररेषा तेवढी उरली. जिचा वेग त्या रेषेच्या मागे, तिच्या केसपेपरवर शेरा: ‘फेल्युअर टू प्रोग्रेस’, म्हणजे पुढे सरकण्यात अपयश. आपल्याकडे ‘नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर’, त्याचं आणखी आखूड रूप ‘एनपीओएल’.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या ६२,४१५ बाळंतपणांच्या नोंदी झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. या सगळ्या बायका खालूनच बाळंत झालेल्या, बाळंही ठणठणीत. तरीही त्यांच्यातल्या काहींना चाराचे पाच व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागला होता. सहा सेंटीमीटरनंतर मात्र वेग वाढत होता. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या शिफारशींत लिहून टाकलं की कळांचा जोमाचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, आणि ‘तासाला एक सेंटीमीटर’ हा वेग नाही एवढ्याच कारणावरून हस्तक्षेप करू नये. पहिल्या खेपेला हा जोमाचा टप्पा बारा तासांपर्यंत चालू शकतो, नंतरच्या खेपांना साधारण दहा.

याचा अर्थ ‘अजून चारच’ हे वाक्य उद्धट आहे एवढंच नाही, ते चुकीचंही आहे. चार सेंटीमीटरला उशीर झालेला नसतो. जोमाचा टप्पा तिथं अजून सुरूच व्हायचा असतो.

केसपेपरवरचे असे आणखी शब्द चाळून पाहण्यासारखे आहेत. पस्तिशी ओलांडून पहिल्यांदा आई होणारी ती ‘एल्डरली प्रायमी’. जिच्या गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडतं तिचं ‘इनकॉम्पिटंट सर्विक्स’, म्हणजे अवयवच नालायक. आधी सिझर झालेली बाई खालून प्रयत्न करते तेव्हा ती ‘ट्रायल’वर. हे शब्द डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्यासाठी घडवले, वाईट हेतूनं कुणी घडवले नसावेत. पण केसपेपर पेशंटच्या हातात असतो आणि ती वाचू शकते, हे घडवताना कोणाच्या ध्यानात नव्हतं. शब्द बदलता येतात याचं उदाहरणही आहे. बाळाच्या ठोक्यांची नोंद चिंताजनक दिसली की ‘फीटल डिस्ट्रेस’, म्हणजे बाळ संकटात, असं लिहायची प्रथा होती. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेनंच हा शब्द सोडा, असं सांगितलं, कारण ज्या बाळांबद्दल तो लिहिला जातो त्यांतली कितीतरी बाळं जन्मतः उत्तम रडतात. त्याऐवजी ‘ठोक्यांची नोंद खात्री देणारी नाही’ अशा अर्थाचा शब्द आला. जेवढं माहीत आहे तेवढंच म्हणायचं, हा त्यातला मुद्दा.

शब्द अंगात कसा उतरतो

बॉस्टनमध्ये झालेला एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिवस भरलेल्या १४० बायकांना पाठीच्या कण्यातून भूल द्यायची होती. त्याआधी जागा सुन्न करणारं छोटं इंजेक्शन देतात, आणि ते चुरचुरतं. निम्म्या जणींना सांगितलं, "आता हे औषध टोचतोय, त्यानं जागा बधिर होईल आणि पुढचं तुम्हाला सोपं जाईल." उरलेल्यांना सांगितलं, "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात वाईट भाग हाच." सुई तीच, औषध तेच. दुखणं शून्य ते दहा या पट्टीवर मोजायला सांगितलं तेव्हा पहिल्या गटाचा मधला आकडा ३ आला, दुसऱ्याचा ५.

यात नाटक नसतं. ‘दुखणार आहे’ ही अपेक्षा तयार झाली की मेंदू त्या दिशेनं येणारे संदेश मोठे करून वाचतो. औषधाच्या नुसत्या विश्वासानं बरं वाटतं त्याला प्लासिबो म्हणतात, त्याची ही उलटी बाजू, नोसिबो. चिंतेतून वेदना वाढण्याच्या या मार्गात कोलेसिस्टोकायनिन नावाच्या रसायनाचा हात असतो, हे इटलीतल्या बेनेडेट्टी यांच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे.

बाळंतपणात याला दुसरी एक गोष्ट येऊन मिळते. गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि भीतीनं सुटतं ते अ‍ॅड्रिनलिन. पळायचं किंवा लढायचं असेल तर शरीर रक्त हातापायांकडे पाठवतं, बाळंत होणं पुढे ढकलतं. मांजर आडोसा शोधून विते आणि कुणी डोकावलं की पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, ते याच प्राण्यांच्या शहाणपणातून. नॉर्वेत २,२०६ बायकांच्या पाहणीत असं दिसलं की ज्यांच्या मनात बाळंतपणाची तीव्र भीती होती त्यांचं बाळंतपण, बाकीच्या कारणांचा हिशेब वजा केल्यावरही, सरासरी ४७ मिनिटांनी लांबलं. पाऊण तास. जिनं कळा काढल्यात तिला पाऊण तास म्हणजे काय ते विचारा.

मात्र हिशेब दोन्हीकडून ठेवायला हवा. बॉस्टनच्या प्रयोगात पाचाचे तीन झाले, शून्य नाही. स्वसंमोहनाच्या वर्गांत कळेला ‘लाट’ म्हणायला शिकवतात, वेदना हा शब्दच वर्ज्य असतो. त्यावर झालेल्या नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. वेदनाशामकांचा वापर एकंदरीत थोडा कमी दिसला, पण भूल लागण्याचं प्रमाण किंवा बाळंतपणाबद्दलचं समाधान यांत ठाम फरक दिसला नाही. ज्यांना लाट म्हणून बरं वाटतं त्यांनी खुशाल म्हणावं. पण एखादीनं महिनोन्‌महिने ‘दुखत नाही, फक्त दाब जाणवतो’ असं घोकलं आणि प्रत्यक्षात कंबर मोडायची वेळ आली, तर तिला वाटतं आपलंच चुकतंय. ही तर त्या ‘चारच’ची मावसबहीण झाली. आपल्या आज्यांनी कळेला कळच म्हटलं. कळ येते, चढते, उतरते आणि मध्ये सवड देते, हेही त्यांनीच सांगितलं. साधारण मिनिटभराची कळ आणि मग दोन-तीन मिनिटांची विश्रांती, हे आधी कळलेलं असलं की सोसायला बळ येतं. "ही उतरायला लागली, सोड श्वास" असं त्या क्षणी शेजारून कुणी म्हणणं, यापरतं उपयोगी वाक्य मला तरी माहीत नाही.

"नाळेचे वेढे आहेत"

नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर घरात सगळ्यात जास्त घबराट उडवणारं वाक्य हे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट फास उभा राहतो. प्रत्यक्षात जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती नाळ असते आणि बहुतेक वेळा सुईण किंवा डॉक्टर ती डोक्यावरून अलगद काढून ठेवतात. पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेतच नाही, त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेतल्या रक्तवाहिन्यांतून, आणि त्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखं जाड आवरण असतं. नाळ दाबली जाऊ शकते का? शकते, वेढा नसतानाही. म्हणून कळांमध्ये ठोके ऐकत राहायचे असतात. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागतात. न सांगता "वेढे आहेत, रिस्क नको घ्यायला" एवढंच म्हटलं, तर पुढचा प्रश्न नातेवाईकच विचारतात: मग सिझर कधी करायचं?

"बाळानं आत शी केली" हे तसंच. दहातल्या एखाद-दुसऱ्या बाळंतपणात पाणी हिरवट दिसतं, दिवस वर गेलेले असतील तर अधिकच. त्यांतली थोडी बाळं ते श्वासावाटे आत ओढतात आणि आजारी पडतात. म्हणून लक्ष वाढवायचं असतं, बालरोगतज्ज्ञ जवळ ठेवायचे असतात. पाणी घट्ट हिरवं आणि ठोकेही बिघडलेले, तर घाई खरीच. पाणी किंचित हिरवट आणि ठोके उत्तम, तर गोष्ट वेगळी. "शी केली" या दोन शब्दांत हा फरक मावत नाही.

"बाळ मोठं आहे" यातही मोजमाप अंदाजाचं असतं. सोनोग्राफीतलं वजन दहा टक्क्यांनी इकडेतिकडे सहज होतं. म्हणजे साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीन किलो दीडशे ग्रॅमचंही निघू शकतं.

मी इथे सिझरवर टीका करत नाहीये. ते लाखो जीव वाचवतं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के आहे. आर्थिक गणितं, वेळेची गणितं, कोर्टकचेरीची भीती, अशी त्याची कारणं बरीच आहेत. त्या सगळ्या कारणांना घरच्यांपुढे वाट मिळते ती अशा एखाद्या अर्ध्या वाक्यातून.

धोक्याचा आकडाही दोन तोंडांनी बोलतो. आधी एक सिझर झालेल्या बाईला "गर्भाशय फाटू शकतं" असं सांगता येतं, आणि "हजारात साधारण पाच जणींच्या बाबतीत जुना टाका उसवतो, बाकीच्यांचा नाही" असंही. पहिलं वाक्य खोटं नाही. पण त्यावर निर्णय घेता येत नाही, फक्त घाबरता येतं. दोन्ही बाजू आकड्यात सांगाव्यात, शिवाय ते घडलं तर काय होतं आणि या दवाखान्यात त्याची काय तयारी आहे तेही सांगावं.

"इथे सही करा" हे तर बाळंतपणातलं सगळ्यात आखूड संभाषण. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की संमती म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती. उपचाराचं स्वरूप, फायदा, धोका आणि दुसरे पर्याय रुग्णाला कळलेले असले पाहिजेत. घरच्यांना एवढंच लक्षात ठेवता आलं तरी पुरे: यानं फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, आणि तासभर थांबलं तर काय होईल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "थांबता येणार नाही" असं आलं तर तेही उत्तरच आहे. रक्तस्राव होतोय किंवा बाळाचे ठोके मंदावतायत अशा वेळी कोणी समजावत बसत नाही, बसूही नये. तिथे "पाय वर घ्या, मी पोट दाबतेय" एवढं पुरतं, बाकीचं नंतर सांगावं. पण सांगावं.

ओरडू नकोस

आता अप्रिय भाग. लेबर रूममधला तो कुप्रसिद्ध टोमणा, "तेव्हा बरी मजा आली, आता का ओरडतेस?", महाराष्ट्रात कितीतरी बायकांनी ऐकलाय. तो फक्त आपला नाही. २०१५ मध्ये ३४ देशांतल्या ६५ अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा याच आशयाचं बोलणं, धमकावणं, दोष देणं वेगवेगळ्या खंडांत सापडलं. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या देशांत संशोधकांनी प्रत्यक्ष लेबर रूममध्ये बसून २,०१६ बाळंतपणं पाहिली. ४१.६ टक्के बायकांना मारहाण, शिवीगाळ किंवा हिणवणूक सोसावी लागली. वयानं लहान आणि कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला ते जास्त आलं. आणि वेळ कोणती? बाळ जन्मण्याच्या आधीचा अर्धा तास ते नंतरची पंधरा मिनिटं, यात सगळ्यात अधिक.

म्हणजे ती अगदी थकलेली असते तेव्हा, आणि सिस्टरही. एका सिस्टरकडे चार टेबलं, रात्रपाळी, बाहेर नातेवाइकांची गर्दी, हे खरं आहे. त्यामुळे टोमणा माफ होत नाही, पण नुसत्या ‘सौजन्य सप्ताहां’नी तो जाणारही नाही.

या वेळचा हुकूम म्हणजे "जोर लाव! श्वास रोखून! अजून! अजून!" जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की बाईला जेव्हा स्वतःहून जोर लावावासा वाटेल तेव्हा तो लावायला तिला साथ द्यावी. "वाटतंय का खाली लोटावंसं? मग लोट, मी आहे" हे तसं बोलणं. कण्यातून भूल दिलेली असेल तर ती जाणीव मंद असते, तिथे सांगावं लागतं. पण सरसकट सगळ्यांना आखाड्यातल्यासारखं ओरडून सांगायची गरज नाही. "तू जोरच लावत नाहीयेस" आणि "बाळ अजून थोडं वर आहे, कुशीवर वळून बघू या" या दोन वाक्यांत प्रसंग एकच आहे. पहिल्यात गुन्हेगार मिळतो, दुसऱ्यात उपाय.

‘तू’ की ‘तुम्ही’ याचा मात्र सोपा नियम नाही. मोठ्या वयाची आयामावशी पाठ चोळत "अगं बाळा, झालंच बघ तुझं" म्हणते तेव्हा त्या ‘तू’त आईपण असतं. "ए, चार नंबर, पाय सरळ कर" यातही ‘तू’च असतो. नाव विचारून नावानं हाक मारली की बरंचसं आपोआप सुधारतं.

सोबतीला माणूस असणं हा यावरचा जुना आणि तपासून पाहिलेला उपाय. सतत सोबत असण्यावरच्या २६ चाचण्यांत १५ हजारांहून अधिक बायका होत्या. सोबत असलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे चतुर्थांशानं कमी, बाळंतपण थोडं आखूड आणि नंतर ‘वाईट अनुभव’ म्हणणाऱ्याही कमी. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी देणाऱ्या सूचना काढल्या, सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात त्यावर भर दिला. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. प्रत्यक्षात "आत कुणाला सोडत नाही" हेच ऐकू येतं, तेव्हा नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवावं. सोबतीण निवडताना मात्र जरा पाहून. डोहाळजेवणाच्या पंगतीत "माझ्या वेळी तीन दिवस, मरता मरता वाचले" हे रंगवून सांगणारी मावशी जेवायला हवी, लेबर रूममध्ये नको.

नंतरचे शब्द

बाळ बाहेर आलं की भाषेचं काम संपतं असं नाही. "मुलगी आहे" आणि मग एक क्षण शांतता. त्यावर कुणीतरी "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणतं, आणि ते सांत्वन आहे हे बाळंतिणीला नेमकं कळतं. "नॉर्मल का सिझर?" हा प्रश्न तर पेढा तोंडात असतानाच येतो. ब्रिटनमध्ये सुईणींच्या संघटनेनं यावर बराच खल केला आणि ‘नॉर्मल’ऐवजी बाळंतपण कसं झालं ते सरळ सांगणारे शब्द वापरायचं ठरवलं. आपल्याकडेही ‘खालून झालं’, ‘सिझर झालं’ हे आहेच की. ‘नॉर्मल’ म्हटलं की दुसरीला आपोआप ‘अ‍ॅबनॉर्मल’ ठरावं लागतं. त्यात "कळाच सोसल्या नाहीत, आयतं बाळ मिळालं" हे सासरच्या कुणीतरी म्हणायचं. पोटाचे सात थर उघडून शिवलेल्या बाईला!

हे बोल विसरले जात नाहीत. पेनी सिमकिन या अमेरिकी प्रसूती-शिक्षिकेनं २० बायकांना पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा-वीस वर्षांनी त्याची आठवण लिहायला सांगितली आणि त्यांनी तेव्हा लिहिलेल्या हकिगतींशी ती ताडून पाहिली. आठवणी थक्क व्हावं इतक्या जुळल्या. डॉक्टर-नर्स काय बोलल्या, कशा वागल्या, हे त्यांच्या शब्दांसह लक्षात होतं. २००२ मध्ये एलन हॉडनेट यांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा समाधान ठरवणाऱ्या गोष्टी अशा निघाल्या: मनातली अपेक्षा, मिळालेला आधार, उपचार करणाऱ्यांशी नातं आणि निर्णयात सहभाग. वेदना किती होती याचा प्रभाव यांच्यापेक्षा कमी. साधारण शंभरातल्या चार बायकांना बाळंतपणानंतर आघातोत्तर ताणाची लक्षणं दिसतात: तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणं, झोप उडणं, दवाखान्याच्या वासानं घाम फुटणं. त्यांना "बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर" असं म्हणून गप्प करणं सोपं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, बाळ सुखरूप आणि आईला धसका. असं महिनाभर चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.

आणि घरी जायच्या आधी, डिस्चार्ज कार्डावर जे आखूड इंग्रजी लिहिलंय त्याचा अर्थ डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्यावा. सिझर नेमकं कशामुळे करावं लागलं? तोंड किती उघडलं होतं, ठोके कसे होते? गर्भाशयावरचा टाका आडवा आहे की उभा? पुढच्या खेपेला खालून प्रयत्न करता येईल का? आडवा टाका असेल तर सहसा करता येतो, उभा असेल तर बहुधा नाही. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिला प्रश्न हाच येणार असतो, म्हणून ते कार्ड फाईलमध्ये जपून ठेवावं आणि त्याच्या पाठीमागे ही उत्तरं आपल्या हातानं लिहून ठेवावीत.